व्हॉल्व्हचा हेडफोन ॲम्प: आधी हेडफोन कोणता ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नाशिकला फ्लॅटमध्ये राहतात. रात्री दहानंतर घर झोपलं की दीड-दोन तास ऐकत बसतात. ख्याल, जुनी भावगीतं, कधीमधी जॅझ. त्यांच्याकडे सेनहायझरचा एचडी ६५० आहे आणि नुकताच घेतलेला एक प्लॅनर (सपाट, पातळ पडद्याचा) हेडफोन, २५ ओहमचा, ९१ डेसिबलचा. लॅपटॉपला एक डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारी डबी, जोडलेला आहे, त्याला हेडफोनचा जॅकही आहे. बजेट चाळीस हजार. "घरी ऐकायला चांगला ट्यूब ॲम्प कोणता? एकच नाव सांगा."

एकच नाव सांगता येत नाही. का, ते सांगतो.

आधी एक खुलासा. मी ट्यूब म्हणणार नाही, व्हॉल्व्हच म्हणणार. आपल्याकडे ट्यूब म्हणजे भिंतीवरची चार फुटी, किंवा उशिरा डोक्यात पेटते ती. मर्फी, बुश, फिलिप्सच्या रेडिओत होता तो काचेचा, तापून उजळणारा व्हॉल्व्ह. तीसेक वर्षं हेच रेडिओ आणि ॲम्प उघडत आलोय, त्यामुळे जीभ बदलायची नाही.

आता हेडफोन. तुमच्याकडे दोन आहेत आणि दोघांच्या मागण्या उलट आहेत. हिशेब करून बघू. संगीतातले क्षणभराचे मोठे आवाज ११० डेसिबलपर्यंत जातील असं धरा. एचडी ६५० ला १ व्होल्ट दिला की तो १०३ डेसिबल देतो. म्हणजे ११० साठी सव्वादोन व्होल्ट लागतात. ३०० ओहममधून तेवढ्या व्होल्टेजला करंट वाहतो फक्त साडेसात मिलिॲम्पियर. प्लॅनर १ मिलिवॅटला ९१ डेसिबल देतो, त्याला ११० साठी ८० मिलिवॅट हवेत. २५ ओहमला हे म्हणजे १.४ व्होल्ट आणि ५६ मिलिॲम्पियर. व्होल्टेज कमी, पण करंट सातपटीहून जास्त.

व्हॉल्व्हचा स्वभाव बरोबर उलटा. तो व्होल्टेज हवं तेवढं देईल, दीडशे-दोनशे व्होल्टवर बसलेलाच असतो. करंट मागितला की मात्र त्याचा जीव कासावीस होतो. म्हणून स्पीकरच्या ॲम्पमध्ये मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालतात: व्होल्टेज उतरवायचं, करंट चढवायचा. चांगला ट्रान्सफॉर्मर महाग, जड, आणि वाईंडिंग करणारा माणूस हातचा राखणारा नसावा लागतो. मग हेडफोनसाठी लोकांनी पळवाट काढली. ट्रान्सफॉर्मरच नको. याला ओटीएल म्हणतात आणि परवडणाऱ्या बाजारात दिसणारे बहुतेक पूर्ण व्हॉल्व्हचे हेडफोन ॲम्प याच जातीचे.

यांतल्या बऱ्याच ॲम्पमध्ये शेवटी बसवतात तो व्हॉल्व्ह ६एएस७ किंवा त्याचा सख्खा भाऊ ६०८०. गंमत अशी की हा व्हॉल्व्ह मुळात संगीतासाठी काढलेलाच नाही. पॉवर सप्लायचं व्होल्टेज स्थिर ठेवायला, म्हणजे रेग्युलेटर म्हणून तो बनला. त्याचा प्लेट रेझिस्टन्स, म्हणजे आतला अडथळा, २८० ओहम, व्हॉल्व्हच्या जगात फारच कमी, आणि ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर जेमतेम २. कॅथोड फॉलोअर म्हणून, म्हणजे व्होल्टेज न वाढवता नुसता करंट पुरवायला, जोडला की २८० भागिले ३, साधारण ९३ ओहम आउटपुट इम्पीडन्स मिळतो. हा ॲम्पचा स्वतःचा, करंटला होणारा अडथळा. प्रत्यक्षात असे ॲम्प शंभर-सव्वाशे ओहमच्या घरात येतात. बॉटलहेडचा क्रॅक साधारण १२० ओहमचा.

१२० ओहमच्या ॲम्पला तुमचा २५ ओहमचा प्लॅनर लावला तर काय होईल? ॲम्पने जेवढं व्होल्टेज तयार केलं त्यातलं सतरा टक्के हेडफोनपर्यंत पोचेल, बाकी ॲम्पच्या पोटातच मुरेल. वर ५६ मिलिॲम्पियर मागितले तर त्याच्या शिखरांना ८० च्या आसपास लागतात, आणि व्हॉल्व्हच्या त्या सेक्शनमधून निवांत वाहणारा करंट बहुतेक वेळा याच्या निम्माही नसतो. तान वर गेली की आवाज चिरकणार. तेव्हा प्लॅनरसाठी ओटीएल हा विषय इथेच मिटला. कोणी कितीही गोड वर्णन केलं तरी.

एचडी ६५० ची गोष्ट वेगळी, आणि इथे जरा थांबतो, कारण लोक ज्याला "व्हॉल्व्हचा आवाज" म्हणतात त्यातला मोठा वाटा इथे दडलाय. त्याचे ३०० ओहम हा कागदावरचा आकडा. खाली ८०-१०० हर्ट्झच्या आसपास, पडद्याच्या स्वतःच्या अनुनादापाशी, इम्पीडन्स ५०० च्या पुढेमागे चढतो. १२० ओहमच्या ॲम्पवर ३०० ला ७१ टक्के व्होल्टेज पोचतं आणि ५०० ला ८१ टक्के. फरक १ डेसिबलचा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो पडतो कुठे बघा. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य सा १३९ हर्ट्झला, तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ ला. डग्ग्याची घुमक याच शेजारात. म्हणजे ख्याल ऐकणाऱ्याला खर्ज किंचित भरलेला, डग्गा किंचित गोल वाटणार. गवयाच्या मागे तानपुरा "बसल्यासारखा" वाटणार. यात जादू काही नाही, व्होल्टेज डिव्हायडर आहे. प्लॅनरचा इम्पीडन्स सगळीकडे जवळपास सपाट असतो, त्यामुळे तिथे हाही परिणाम मिळत नाही.

मग हार्मोनिक्सचं, म्हणजे मूळ स्वरावर ॲम्प स्वतःहून जोडतो त्या वरच्या स्वरांचं काय, असं तुम्ही म्हणाल. साध्या ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडच्या व्हॉल्व्हच्या) सर्किटमध्ये दुसरा हार्मोनिक जास्त तयार होतो हे खरं. दुसरा हार्मोनिक म्हणजे तार सप्तकातला तोच सा, त्यामुळे कानाला खटकत नाही. तिसरा म्हणजे तार सप्तकाचा पंचम, तोही घरचाच. तानपुऱ्याची जवारी काढणारा माणूस दोऱ्याच्या एका केसाएवढ्या सरकण्याने हेच स्वर वरखाली करतो. पण ॲम्पमधलं हे डिस्टॉर्शन आवाजाच्या पातळीबरोबर वाढतं आणि घटतं. तुम्ही ऐकता रात्री, हळू. सरासरी ७० डेसिबल म्हणजे एचडी ६५० ला जेमतेम २२ मिलिव्होल्ट. दोन-दोन व्होल्ट सहज देणाऱ्या ॲम्पकडून तुम्ही त्याच्या शंभराव्या हिश्शाचं काम घेताय. तिथे दुसरा हार्मोनिक इतका बारीक होतो की त्याच्यासाठी चाळीस हजार खर्च करणं मला पटत नाही.

त्या २२ मिलिव्होल्टमुळे दोन गोष्टी मात्र महत्त्वाच्या होतात, आणि विकत घेताना त्याच कोणी विचारत नाही.

एक, गुणगुण. ॲम्पच्या आउटपुटला १ मिलिव्होल्ट जरी हम असला तरी एचडी ६५० मध्ये तो ४३ डेसिबलने ऐकू येतो. दिवसा पंखा, कुकरच्या शिट्ट्या, खालचा भाजीवाला यांत तो हरवतो. रात्री साडेअकराला आलापाच्या मधल्या शांततेत तो कानात डास शिरल्यासारखा वाटतो. आउटपुटचा नॉइज ०.१ मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत. आकडा दिलेला नसेल तर प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. कानात घालायचे इयरफोन तर अशा ॲम्पला लावूच नका, ते इतके संवेदनशील असतात की गाण्याआधी ॲम्पच ऐकू येतो.

दोन, गेन, म्हणजे ॲम्प सिग्नल कितीपट वाढवतो ते. डॅक पूर्ण आवाजाला २ व्होल्ट देतो, गाण्याची सरासरी त्यातली ०.२ धरा. ॲम्पने दहापट वाढवलं की झाले २ व्होल्ट. तुम्हाला हवेत ०.०२२. म्हणजे व्हॉल्यूमच्या पॉटने, नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरने, जवळजवळ ४० डेसिबल खाली दाबायचं. मग नॉब घड्याळाच्या आठ-साडेआठच्या जागी अडकतो, आणि स्वस्त पॉटच्या दोन बाजू नेमक्या त्याच टोकाला जुळत नाहीत. गायक मधून सरकून डाव्या कानात जाऊन बसतो. लोक व्हॉल्व्ह बदलत बसतात. दोष पॉटचा असतो, त्याहीआधी अवाजवी गेनचा. लिटल डॉट एमके ३ सारख्या काही ॲम्पना खालच्या बाजूला गेन बदलायचे छोटे स्विच असतात. अशी सोय असेल तर गेन सर्वांत कमी ठेवून सुरुवात करा.

आता विजेचं. हे परदेशी परीक्षणांत सापडणार नाही, पण आपल्याकडे व्हॉल्व्ह सर्वांत जास्त याच्यामुळे मरतात. दोनेक वर्षांपूर्वी एक जण ६एसएन७ आणि ६एएस७ असलेला ॲम्प घेऊन आले. वर्षभरात दोनदा व्हॉल्व्ह बदलून झाले होते, "माल डुप्लिकेट मिळतो" ही तक्रार. मागच्या पट्टीवर लिहिलं होतं २२० व्होल्ट. दुपारी चारला माझ्या टेबलावर मेन्स २३२ होतं, व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या पिनांवर मीटर लावला, ६.६ व्होल्ट. हवेत ६.३. म्हटलं, राहू दे रात्रीपर्यंत. अकराला आजूबाजूची दुकानं बंद, लोड उतरलेला, मेन्स चढलं २५१ वर. हीटर ७.२. डेटाशीट फार तर दहा टक्के वरखाली चालवून घेतं, म्हणजे ६.९३ पर्यंत. आणि हे गृहस्थ ऐकायचे तुमच्यासारखेच रात्री. कॅथोड, म्हणजे व्हॉल्व्हमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, रोज भाजून निघत होता. दोन व्हॉल्व्हचे हीटर मिळून ३.१ ॲम्पियर घेतात, त्या वाटेत ०.१५ ओहमचा ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर टाकला. दुपारी ६.१, रात्री ६.७. तेव्हापासून तेच व्हॉल्व्ह चालू आहेत. हे तुम्ही घरी करू नका, आत दीडशेच्या वर डीसी असतं आणि वायर काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. पण विकणाऱ्याला एवढं जरूर विचारा: मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरचं (तो ओटीएललाही असतोच) प्राथमिक वाईंडिंग २२० चं की २३०-२४० चं? अमेरिकेतून कोणी आणून देणार असेल तर १२० चं, जपानमधून तर १०० चं. उत्तर येईना तर महिनाभर रात्रीचं मेन्स मोजून ठेवा आणि छोटा स्टॅबिलायझर धरूनच बजेट आखा.

त्याच ओघात अर्थिंग. तीन पिनांचा ॲम्प आणि तीन पिनांचा लॅपटॉप चार्जर एकत्र आले की कधीकधी गुणगुण सुरू होते आणि ॲम्पला शिव्या बसतात. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आवाज थांबला तर ॲम्प निर्दोष आहे. अर्थची पिन कापून टाकायचा "उपाय" कोणी सुचवला तर त्याच्याकडचा चहा घ्या, सल्ला घेऊ नका. धातूच्या पेटीत दोनशे व्होल्ट आहेत.

उष्णतेचंही गणित करा. ६एएस७ चा नुसता हीटर ६.३ व्होल्टला २.५ ॲम्पियर घेतो, म्हणजे जवळपास १६ वॅट, गाणं सुरू होण्याआधीच. शोकेसच्या काचेआड ठेवायची ही वस्तू नव्हे. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात व्हॉल्व्हच्या पिना काळवंडतात आणि खरखर सुरू होते. गार झाल्यावर काढून काँटॅक्ट क्लीनरने पुसल्या की बहुतेकदा निभावतं. नाशिकला हा त्रास कमी. पाल मात्र सगळीकडे उबेला येते.

दिखाऊ मालाबद्दल थोडं. बारा व्होल्टच्या छोट्या ॲडाप्टरवर चालणारे, पुढे दोन व्हॉल्व्ह झळकवणारे डबे ऑनलाइन ढिगाने मिळतात. व्हॉल्व्हखाली नारिंगी एलईडी दिसला की मी दोन पावलं मागे सरतो. व्हॉल्व्हचा स्वतःचा उजेड अंधारातच नीट दिसतो. काहींच्या आत व्होल्टेज चढवणारं सर्किट असतं, ते ठीक. पण बऱ्याच ठिकाणी प्लेटला जेमतेम वीस-पंचवीस व्होल्ट देऊन व्हॉल्व्हला उपाशी ठेवतात आणि सगळं काम आतली ऑप-ॲम्पची चिप करते. कोर्ग आणि नोरिताके यांनी २०१५ मध्ये आणलेला न्यूट्यूब याला अपवाद. तो फ्लुरोसंट डिस्प्लेच्या तंत्रावर बनला आहे, त्यामुळे कमी व्होल्टेजवरच चालायचा. त्याला टिचकी मारली की घंटेसारखा वाजतो, हा त्याचा दोष वेगळा.

यांच्यापासून प्रामाणिक हायब्रिड वेगळे काढायला हवेत. पुढे एक व्हॉल्व्ह व्होल्टेज वाढवतो, मागे ट्रान्झिस्टर करंट पुरवतात. शीटचा व्हाली या जातीचा. आउटपुट इम्पीडन्स कमी, म्हणून प्लॅनर नीट चालतो. पण त्याच कारणाने एचडी ६५० चा तो खर्जाचा १ डेसिबलचा फुगवटा इथे मिळत नाही. शुद्ध ट्रान्झिस्टर ॲम्पच्या जवळचा आवाज आणि समोर मंद दिवा. मला त्यात काही वावगं वाटत नाही, दिवा मलाही आवडतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवाले, उदाहरणार्थ वू ऑडिओचा डब्ल्यूए ६, दोन्ही हेडफोन सांभाळतील, पण नवा घ्यायचा तर तुमचं बजेट तिथे अपुरं पडतं.

म्हणून तुमच्यासाठी माझा कौल असा. प्लॅनर आहे तिथेच, डॅकच्या जॅकवर ठेवा. तिथे आवाज कमी पडत असेल तर एक साधा ट्रान्झिस्टर ॲम्प घ्या. व्हॉल्व्ह घ्यायचाच तर तो एकट्या एचडी ६५० साठी, ओटीएल. डार्कव्हॉइसचा ३३६ एसई आणि क्रॅक हे याच कुळातले, क्रॅक किट म्हणून येतो, हातात सोल्डरिंग असेल तरच. एकाच डब्यात दोन्ही हवं असा हट्ट असेल तर हायब्रिड.

जुना घेणार असाल तर मीटर आणि पेन्सिल घेऊन जा. हेडफोन न लावता सुरू करा, पाच मिनिटं तापू द्या, मग जॅकवर डीसी मोजा. वीस मिलिव्होल्टच्या आत यायला हवं. ओटीएलमध्ये हेडफोन आणि प्लेट सप्लाय यांच्यामध्ये फक्त एक कपॅसिटर उभा असतो, तो गळायला लागला की हेडफोनची कॉइल जाते. मग डोळे मिटून हम ऐका, आधी व्हॉल्यूम शून्यावर, नंतर अर्ध्यावर. पेन्सिलच्या रबराच्या टोकाने काचेवर हलकी टिचकी. थोडं टुणटुण चालतं, ते रेंगाळत राहिलं तर व्हॉल्व्ह बदलायचे पैसे किमतीतून कमी करून मागा. एका बाजूलाच खरखर असेल आणि दोन्ही बाजूंना वेगळे व्हॉल्व्ह असतील तर अदलाबदल करा. खरखर दुसऱ्या कानात गेली तर दोष व्हॉल्व्हचा, जागेवर राहिली तर सर्किटचा. सुरू-बंद करताना हेडफोन काढून ठेवायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा.

व्हॉल्व्ह बदलून बघण्याचा नाद पहिलं वर्ष तरी नको. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत अजून जुने व्हॉल्व्ह निघतात, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईसीसी ८३ हाती लागतात तेव्हा मलाही मोह होतो. पण ईसीसी ८२ च्या जागी ईसीसी ८३ दिसायला बसला तरी गेन पाचपट, आणि वर आपण गेन कमी करायच्या मागे. ईसीसी ८८ ही त्याच नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये जातो, पण हीटरची जोडणी निराळी.

आणि पैसे भरण्याआधी एक आठवडा हे करा. हेडफोनची एक एक्स्टेन्शन केबल घ्या. मधे कापून डाव्या तारेत १२० ओहम, उजव्या तारेत १२० ओहम, अर्ध्या वॅटचे साधे मेटल फिल्म रेझिस्टर जोडा. कॉमन तार तशीच सोडा, तिच्यात रेझिस्टर पडला तर डावं-उजवं एकमेकांत मिसळतं. ही केबल डॅकच्या हेडफोन जॅकला आणि तिच्या टोकाला एचडी ६५०. आउटपुट इम्पीडन्सपुरता तुमचा डॅक आता ओटीएल झाला. आवाज सुमारे ३ डेसिबलने उतरेल, तेवढा चढवून घ्या, नाहीतर जो मोठा तोच गोड वाटेल. रोज एकच ख्याल, विलंबिताची पहिली दहा मिनिटं, एकदा या केबलने, एकदा थेट. केबल कोणती लावली आहे ते घरातल्या कोणाला तरी ठरवू द्या आणि तुम्ही न बघता वहीत लिहा. रेझिस्टरवाली बाजू सातातल्या सहा वेळा ओळखून वर आवडलीही, तर ओटीएल घ्या, नाव आपण ठरवू. ओळखताच आली नाही तर हायब्रिड घ्या, किंवा चाळीस हजार तसेच राहू द्या. वही मात्र मला दाखवा, या प्रयोगाच्या अशा अकरा वह्यांचे फोटो माझ्याकडे जमलेत.